डाव्या हातासाठी येणारी खाला

"हात ढिला सोड गे माय, जीव न्हाई मागून राहिले मी."

बांगड्या भरायला कुणीही हात पुढे केला की खाला आधी हे म्हणायची. मग तो हात आपल्या मांडीवर ठेवायची आणि त्याच्याकडे बघायचीच नाही. समोरच्या भिंतीकडे बघेल, जाणाऱ्या हातगाडीकडे बघेल, हात मात्र नुसता धरून बसेल. तुम्हीही बांगड्या भरून घेतल्या असतील, नाहीतर घरातल्या बायकांना भरताना बघितलं असेल. बहुतेक बांगडीवाल्या हात आला की लगेच दाबायला लागतात. खाला थांबायची. हात आपण होऊन जड झाला की अंगठा करंगळीकडे वळवायची आणि बांगडी चढवायची. तेवढ्या वेळात तिची काहीतरी गोष्ट चाललेली असायची. बांगडी हाडावरून खाली उतरली की गोष्टही तिथंच थांबायची. अर्धापूरच्या एका केळीच्या बागेत बकरीनं नव्या नवरीचा शालू खाल्ला होता. त्या बकरीचं आणि नवरीचं पुढं काय झालं, ते आमच्या गल्लीत आजही कुणाला माहीत नाही.

तिला नावानं कुणी हाक मारली नाही. सगळ्यांची ती खालाच, म्हणजे मावशी. म्हणून मीही इथं तिचं नाव लिहीत नाही.

भूकंपात आमचं गाव गेलं. निलंग्याकडचं गाव, माळवदाची दगडी घरं. माझा नवरा त्यात गेला. मी आणि माझी मुलगी बबी लातूरला माझ्या भावाकडे राहायला आलो. बबी तेव्हा नुकती नीट बोलायला लागली होती. त्याच सुमारास लातूरला क्लासांचं पेव फुटलं होतं. नांदेड, बीड, परभणीकडची पोरं ट्रंक आणि गादी घेऊन दारात यायची आणि खोली आहे का विचारायची. भावानं घरावर पत्र्याच्या खोल्या काढल्या. वहिनीनं त्या पोरांच्या जेवणाचं धरलं आणि पोळ्या माझ्याकडे आल्या. भूकंपानं आमचं गाव रिकामं केलं होतं आणि क्लासांनी लातूर भरत चाललं होतं. मी पोळपाटापाशी बसले ती बसलेच.

बांगडीवालीनं विधवेच्या दारात हाक मारायची नसते. गल्लीत नवी बांगडीवाली आली की ती कोपऱ्यावरच्या घरी विचारून घेते, कुठल्या ओट्यावर बसायचं आणि कुठलं दार सोडायचं. खाला पहिल्यांदा आली तेव्हा तिनं विचारलं नाही. उन्हाची आली, गल्लीच्या टोकाच्या आमच्या ओट्यावर टोपली टेकवली, खांद्यावरच्या बांगड्यांच्या माळा उतरवल्या आणि पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन बाहेर गेले, तर तिनं तांब्याच्या आधी माझं मनगटच धरलं.

"सव्वादोनचं माप हाय," ती म्हणाली. "हिरव्या भरू का लाल?"

आतून वहिनी म्हणाली, "अवो बांगडीवाली, त्यांना नको."

खालानं तेव्हा माझ्या कपाळाकडे बघितलं. दुसरी एखादी असती तर तिनं माझा हात निखारा टाकावा तसा टाकला असता. खालाचा चेहरा उतरला, पण हात तिनं सोडला नाही. तो तसाच धरून दुसऱ्या हातानं तांब्या घेतला आणि पाणी प्याली.

"चुकले माय," ती म्हणाली. मग दारामागून डोकावणाऱ्या बबीकडे बघून म्हणाली, "ह्या बाईसाहेबाला भरते. माझ्या चुकीपायी."

लाल बांगड्या बघून बबी आली. उजवा हात तिनं आनंदानं दिला. तो भरून झाल्यावर खाला म्हणाली, "आता तो आन." बबीनं डावा हात फ्रॉकच्या मागं नेला. नेला म्हणजे उजव्या हातानं धरून नेला, कारण डावा आपला आपण जात नव्हता.

एकच हात भरून बांगडीवाली उठत नाही. एक हात भरलेला आणि दुसरा मोकळा, असं कुणी कुणाला ठेवत नाही. ते बरं नसतं. खाला बराच वेळ बसली. बबी ढिम्म. शेवटी खालानं टोपली उचलली आणि म्हणाली, "पुन्हा येते मी. तवर हे काम अर्धं हाय."

ती पुढच्या बाजारच्या दिवशी आली. मग दर बाजारच्या दिवशी येऊ लागली.

वहिनीला त्याचं हसू यायचं. "खाला, एका हातासाठी किती चकरा मारताव?"

"काय करू बाई, अर्धं सोडलं की मपल्याच हाताला मुंग्या येतात."

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं की बबीच्या खांद्यापाशी शिरा ताणल्या गेल्या आहेत. हात अगदी पहिल्यासारखा होणार नाही. पण रोज घरी हलवला, त्याला काम करायला लावलं, तर उपयोगाला येईल. नाही केलं तर सुकत जाईल आणि आखडेल. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला समोर बसवून सगळं दाखवलं. हात कानापर्यंत कसा न्यायचा, कोपर कसं सरळ करायचं, बोटं एकेक करून कशी उघडायची. बाई चांगल्या होत्या. मला पुन्हा पुन्हा विचारायच्या, "कळलं का ताई?" मला कळलं होतं. मी चौथी शिकलेली असले तरी एवढं कळतं. मला तो हात धरवत नव्हता.

लोकांना मी सांगायची, तुळई पडली. डॉक्टरांनाही तेच सांगितलं. तुळई पडली होती हे खरं, पण बबीच्या हातावर नाही. ती आडवी पडली आणि तिच्याखालच्या पोकळीत बबी राहिली. मातीच्या वर तिचा एक हात तेवढा दिसत होता. माती वरून येतच होती. मी तो हात दोन्ही हातांनी धरला आणि पाय रोवून ओढला. बबी बाहेर आली. तेव्हापासून तो हात लोंबला.

पोर वाचली, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. पण व्यायामासाठी तो हात हातात घेतला की माझ्या बोटांना ते ओढणं आठवायचं. मी अर्धवट धरायची आणि बबी किंचाळायची. कोण भिऊन धरतंय हे लेकराला कळतं. मग मी म्हणायची, राहू दे आज, उद्या करू. पोळ्या होत्याच करायला.

खालानं हे सगळं न सांगता ओळखलं होतं की नाही, मला माहीत नाही. तिनं एवढंच विचारलं, "डाक्टर काय म्हनतो?" मी सांगितलं. "मंग तू सांगत जा, मी करते." तसंच ठरलं. मी तव्यापाशी बसून सांगायची आणि ती ओट्यावर बसून ऐकायची. करायचं मात्र काहीच नाही, कारण बबी हातच देत नव्हती.

खालानं हाताचं नाव काढणंच सोडलं. टोपली उतरवून म्हणायची, "बबीजान, माझे डोळे गेले. ह्या हिरव्या आन ह्या पोपटी येगळ्या करून दे." तिचे डोळे काही गेले नव्हते. बांगडीला केसाएवढी चीर असली तरी तिला गल्लीच्या टोकावरून दिसायची. बबी वेगळ्या करायची. मग डझन मोजायचे. खाला मुद्दाम एक कमी ठेवायची.

"खाला, ह्या अकराच हायत."

"अकरा? या आल्ला, मंग मी जनमभर लोकांना फसवून राहिले का?"

बबी हसायची. आमच्या घरात ती तेवढ्याच वेळी हसायची.

मोजलेल्या बांगड्या दोऱ्यात ओवायला दुसरा हात लागतो. खाला दोऱ्याचं टोक बबीच्या डाव्या बोटांना गुंडाळायची. "ह्याला खुंटी समज," म्हणायची. "खुंटी काय करती? नुसती ऱ्हाती." खुंटी हळूहळू वजन पेलायला लागली. माळ जमिनीला लागू नये म्हणून बबी खांदा उचलायला लागली. मी आतून बघत होते. बाईंनी दाखवलेलाच व्यायाम होता तो. घरी करा, खेळात करा, असं त्याच म्हणाल्या होत्या. मला खेळात करता येत नव्हता.

आणि गोष्टी. बबीनं हात मागं घेतला की गोष्ट बंद. "हात न्हाई तर बकरी बी न्हाई." हात परत आला की बकरी पुन्हा शालू खायला लागायची.

वरची पोरं टॉवेल खांद्यावर टाकून नळावर यायची, तीही रेंगाळायची.

"काय चाललंय खाला?"

"क्लास. तूबी बस. फी न्हाई माझी." आणि मग, "डाक्टर होनार ना तू? मपल्या गुडघ्याला काय करू सांग."

"अजून बारावीतच आहे, खाला."

"बरं. मंग गुडघ्याला सांगते, थांब म्हनून."

बबीला शाळेत घातलं. पहिले काही दिवस ती दारातच आडवी पडायची. शाळेतली पोरं तिला हातावरून चिडवत होती. खालानं तिला फुटक्या बांगड्यांचे तुकडे मेणबत्तीवर वाकवून साखळी करून दिली, शाळेत दाखवायला. ती साखळी दाखवायला म्हणून बबी गेली. वर्गातल्या बाईंनी बारा आणि बारा किती विचारलं, तर बबी म्हणाली, दोन डझन. बाई हसल्या, पण बरोबर म्हणाल्या. त्या दिवशी बबी घरी आली ती थेट ओट्यावर बसली आणि बाजारचा दिवस कधी आहे ते विचारत राहिली.

आता ही सगळी मी तिची चांगली बाजू लिहिली. खाला काही देवमाणूस नव्हती. मिसरी लावून ओट्याच्या कोपऱ्यात थुंकायची आणि वहिनी ओरडली की पावसाचं नाव सांगायची. ह्या घरचं त्या घरात करायची. आणि तिला हरलेलं चालायचं नाही.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बायका बांगड्या भरायला आमच्या ओट्यावर जमल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "खाला, एवढ्या बायकांचे हात भरले तुम्ही, आन ह्या एका पोरीपुढं हरलाव की."

खालाला ते लागलं. "हरते कशाला? आज भरतेच," म्हणाली. बबी शेजारीच माळ धरून बसली होती. खालानं तिचा डावा हात घेतला. थांबली नाही, भिंतीकडे बघितलं नाही, गोष्टही नाही. दाबला. बांगडी हाडापाशी अडली आणि फुटली. रक्त आलं. बबी रडली नाही. ती खालाच्या दंडाला कडकडून चावली आणि सुटेचना.

बायका उठून उभ्या राहिल्या. खालानं त्यांना उद्या या म्हणून सांगितलं. दंडावर दातांचे वळ तसेच घेऊन तिनं बबीचं मनगट धुतलं. मी हळदीची वाटी आणली आणि ती धरून उभी राहिले. हळद खालानंच लावली. लावता लावता तिचं बोट थांबलं. नव्या चिरेच्या शेजारी जुने पांढरे व्रण होते, बारीक, तसेच वाकडे. बबीला तिनं आत वहिनीकडे पाठवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"माय, ही तुळई न्हाई."

मी हळदीची वाटी खाली ठेवली.

"काचेनं कापलेलं मी रोज बघते. कुनीतरी भरल्या हातानं धरलंय हिला."

"हाव," मी म्हणाले.

"तूच?"

"मीच."

माझ्या बांगड्या त्या पहाटे बबीच्या हातावरच फुटल्या होत्या. नवरा गेल्याचं कळायच्या आधीच. नंतर रीत म्हणून बायका माझ्या बांगड्या फोडायला आल्या, तर हातात फोडायला काही उरलंच नव्हतं. हे मी खालाला सांगितलं. त्याच्या आधी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मला वाटलं, आता ती म्हणेल, जीव तर वाचवला ना. ती तसं म्हणाली नाही. दंड चोळत म्हणाली, "आज मीबी तसंच केलं." मग आम्ही दोघी ओट्यावरचे काचेचे तुकडे वेचत बसलो. आत वरण उतू गेल्याचा वास आला तेव्हा मी उठले.

त्यानंतर कितीतरी बाजार बबी तिच्या जवळ गेली नाही. खाला यायची, बसायची, बबी दाराच्या आत उभी राहायची. एक दिवस खालानं स्वतःचाच हात उंबऱ्यावर ठेवला आणि म्हणाली, "आज मी गिऱ्हाईक. कोन भरतंय?"

तेव्हा मला कळलं की खालाच्या हातात कधी एकही बांगडी का नसते. आधी वहिनीनं विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, दुकानदारानं आपला माल खायचा नसतो. तिचाही नवरा कधीच गेला होता.

बबी आली. दुसऱ्याला बांगडी भरायची तर एका हातानं त्याचा हात धरावा लागतो आणि दुसऱ्यानं बांगडी ढकलावी लागते. बबीनं डाव्या बोटांनी खालाचा हात धरला. धरला म्हणजे बोटं त्याच्यावर ठेवली, मग दाबली. आणि गंभीरपणे म्हणाली, "हात ढिला सोड गे माय."

"आई गं, मेले," खाला ओरडली. "ही बांगडीवाली लई खराब हाय. उद्यापासून दुसरी बघते."

बबी पोट धरून हसली आणि तिनं पुढची बांगडी घेतली.

वहिनी दारात येऊन बघत होती. "खाला, तुमच्यात चालतं का हे?"

"खेळात कोन इधवा नसती," खाला म्हणाली. जाताना मात्र तिनं एकेक बांगडी उतरवून टोपलीत ठेवली.

पुढचा बाजार. बबीनं खालाचे दोन्ही हात भरले. मग बांगडी घेऊन ती माझ्याकडे वळली. "आई, तू दे हात."

मी हात पदराखाली घेतला. म्हणाले, "पीठ लागलंय बबे माझ्या हाताला."

पीठ लागलेलं नव्हतं. बबीनं ती बांगडी माळेत परत ओवली. पुन्हा तिनं कधी मागितला नाही.

पुढच्या वेळी खाला बबी शाळेत असताना मुद्दाम लवकर आली. मी पोळ्या लाटत होते, ती चौकटीला टेकून बसली.

"वरच्या लेकरांच्या आया तिकडं गावाकडं, लेकरं हितं. तुझं लेकरू तुझ्यापाशी हाय, तर तू पोळ्यापाशी."

"पोळ्या कोण करील, खाला?"

"तिनं हात मागितला, तू दिला न्हाई. आन ती हात देत न्हाई म्हनून तूच रडतीस."

"माझ्या हातात बांगड्या चालतात का?"

"बांगडीचं न्हाई बोलून राहिले मी," ती म्हणाली. "तुला ठाव हाय."

मी पोळी उलटली. मला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर खाला येते, बबी तिच्यापाशी हात देते, हे बघून मला जेवढा आनंद व्हायचा, त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटायचं. आज आपल्याला तो हात धरायचा नाही, असं. बाजारच्या दिवशी मला पोळ्याही चांगल्या यायच्या.

आणि मग एका बाजारच्या दिवशी बबीनं डावा हात आपण होऊन खालाच्या मांडीवर ठेवला. काही विशेष नव्हतं त्या दिवशी. खाला हातगाडीकडे बघत राहिली आणि बकरीची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागली. एकेक करत लाल बांगड्या चढल्या. माझी पोळी तव्यावर काळी झाली. बबीनं दोन्ही हात वर करून हलवले. डावा खांद्यापर्यंतच आला, पण आला. वहिनीनं सगळ्यांना गूळ वाटला, वरच्या पोरांनासुद्धा.

खालाचं काम पूर्ण झालं होतं. तिचे गुडघेही पार गेले होते. कंधारला तिच्या मुलाचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, तो तिला न्यायला आला. निघायच्या आदल्या दिवशी ती आमच्याकडे आली, टोपलीशिवाय. टोपलीशिवाय ती फार लहान दिसली.

"आता ही कुनापाशी हात दील?" तिनं विचारलं. "तुझ्यापाशीच दिला पायजे. न्हाई तर आखडल पुन्हा."

"करीन मी."

"तिला सांग आधी. तुळईवर ढकलू नको. लेकरू तुळईला भीत न्हाई, तुला भीतंय, आन कामून भीतंय ते तिलाच ठाव न्हाई."

"सांगते."

"कधी?"

"सांगते म्हटलं ना, खाला."

मी जरा जोरातच बोलले. ती उठली, बबीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली. माझ्याकडे वळून बघितलं तिनं, पण मी तेव्हा चुलीत बघत होते.

मी सांगितलं नाही. परीक्षांचे दिवस आले, वरच्या पोरांची जेवणं मागंपुढं व्हायला लागली. मी बबीला म्हणायची, ये हात दे, आणि ती म्हणायची, खाला आल्यावर. मीही मग जोर करायची नाही. तिच्या हातातल्या बांगड्या एकेक करत फुटत गेल्या, शेवटची तिनं शाळेत भिंतीवर आपटून फोडली. कोपर पुन्हा आत यायला लागलं. दवाखान्यात व्यायामाच्या बाईंनी हात वर नेऊन बघितला आणि हळूच विचारलं, "मधे बंद पडलं का?"

"खाला गेली," बबी म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. तेच मला सोसलं नाही.

घरी आल्यावर दुपारी वर कुणी नव्हतं, पोरं क्लासला गेली होती. बबी पुस्तक घेऊन बसली होती आणि डाव्या हाताखालून पान सारखं सुटत होतं. मी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "बबे, तुझ्या हातावर तुळई नाही पडली. तो मी ओढला."

"कधी?"

मी सांगितलं. माती, पोकळी, हात. माझ्या बांगड्यांचंही सांगितलं. ती व्रणांकडे बघत ऐकत होती. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर मला मारेल.

ती म्हणाली, "मग बाबाला का नाही ओढलं?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. सासरच्यांनी नाही, भावानं नाही, मदत वाटायला आलेल्या लोकांनी नाही. मीसुद्धा स्वतःला तो विचारला नव्हता, हाताच्याच प्रश्नात गुंडाळून ठेवला होता.

"माझे दोन्ही हात तुलाच लागले होते," मी म्हणाले.

"आणि नंतर?"

"नंतर तिथं काही दिसत नव्हतं."

तिनं पुस्तक मिटलं आणि जिन्यावर जाऊन बसली. संध्याकाळी खाली आली आणि दारातून म्हणाली, "मामी विचारून राहिली, पोळ्या किती झाल्या." त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मी मनात खालाला बोल लावत होते. बघ, काय करून बसलीस, म्हणत होते. आपण मोडलेलं आणखी मोडलं, असं वाटायचं.

मग एक दिवस मी कणीक मळत होते. बबी आली आणि तिनं डावा हात परातीत ठेवला.

"दाब," ती म्हणाली. "पण ओढू नको."

मी तिचा हात धरला. मी भीत होते आणि तिला ते कळत होतं. तिनं हात काढून घेतला नाही. "हळू," एवढं एकदा म्हणाली. कणकेत आमची बोटं कुठली कुठली ते दिसत नव्हतं.

तेव्हापासून आम्ही दोघी व्यायाम करतोय. शांतपणे होत नाही. ती मला कसाई म्हणते, मी तिला मामीच्या हवाली करीन म्हणते. कधी ती फुगून बसते, कधी मी. हात कानापर्यंत अजून जात नाही, बहुतेक जाणारही नाही. पण वही धरतो, वेणीचं टोक धरतो, पोळी लाटताना लाटण्याची एक बाजू धरतो. पोळी वाकडी होते. वरची पोरं खातात, काही बोलत नाहीत.

हे सगळं खालाला सांगायचं होतं. कंधारची एसटी लातूरच्या स्टँडवरून सुटते. पण उद्या जाऊ, पोरांच्या सुट्टीत जाऊ, असं करत राहिले. पत्र लिहिता आलं असतं, लिहायला येतं मला. पण खालाला वाचता येत नव्हतं. तिच्या मुलानं दुकानात गिऱ्हाइकांपुढं ते मोठ्यानं वाचलं असतं. जे तिला सांगायचं होतं ते मला त्याच्या तोंडून जायला नको होतं. लाजेनं राहिलं ते.

ह्या उन्हाळ्यात गल्लीत दुसरी बांगडीवाली यायला लागली. तरुण आहे, भराभर बोलते. शेजारच्या ओट्यावर तिनं माळा उतरवल्या तेव्हा कुणीतरी म्हणालं, ही खालाच्या नात्यातली आहे. मी पदर सावरून तिथं गेले. अशी कुणाच्या ओट्यावर आपण होऊन जायची मला सवय नाही.

"कंधारची खाला बरी आहे का?" मी विचारलं.

"ती? ती तर गेली बाई. थंडीतच."

ती एका बाईचा हात दाबत होती.

"काही बोलायची का ती? इकडचं?"

"लई न्हाई. लातूरकडून कोन आलं की एकच इचारायची. त्या टोकाच्या घरची पोरगी आईपाशी हात देती का म्हनून. आमाला काय ठाव? आमी आपलं म्हनायचो, देत असंल." बांगडी आत गेली. तिनं दुसरा हात मागून घेतला आणि सहज वर बघितलं. "तुमी तिकडच्याच ना? देती का मंग?"

"देते," मी म्हणाले.

"बरं हाय," ती म्हणाली आणि पुढची बांगडी घेतली.